दाद मागताना

मराठीत 'दाद' हा शब्द मोठा विलक्षण आहे. गाणे रंगले म्हणजे आपण दाद देतो, आणि अन्याय झाला म्हणजे दाद मागतो. भाषांतराच्या व्यवसायात कितीतरी वर्षे घालवूनही, या देण्याच्या आणि मागण्याच्या दादीत काही नाते असेल, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आणून दिला आमच्या दहा वर्षांच्या कन्येने, आणि तोही एका परीक्षेत मागे पडून.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षांपूर्वी दिल्लीस आलो. एका मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी इतरांचे लेखन मराठीत आणणे आणि आलेला मजकूर तपासून छपाईस देणे, हे माझे काम. कन्या गावी मराठी शाळेत शिकत होती; येथे आल्यावर ती हिंदी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. मुले पाण्यात पडली की पोहू लागतात. तीही दोन-चार महिन्यांत शेजारच्या मुलांबरोबर हिंदीतून भांडू लागली, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो.

शहरातील एक संस्था पाचवीतील निवडक मुलांसाठी दर शनिवारी एक विशेष वर्ग चालवते. तेथे गणित आणि विज्ञान हे विषय पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन, प्रयोगांतून शिकवतात. परंतु आमच्या कन्येचे मन गणितावर नव्हे, त्या संस्थेच्या गच्चीवर बसले होते. तेथे एक मोठी दुर्बीण आहे आणि तीतून शनीभोवतालची कडी दिसतात, असे तिला कुणीतरी सांगितले होते. प्रवेशासाठी साठ प्रश्नांची चाचणी होती. 'ही परीक्षा भाषेची नसून तर्कशक्तीची आहे,' असे माहितीपत्रकात आवर्जून छापले होते.

निकाल मोबाइलवर आला. दोन ओळींचा खेददर्शक संदेश, त्याखाली परीक्षेचा क्रमांक. कन्येने तो वाचला, मोबाइल माझ्या हाती परत दिला आणि ती दप्तर भरावयास गेली. ती रडली नाही, म्हणून मला हायसे वाटले. पण रोज रात्री जेवताना आम्हांस एक कोडे घालण्याचा तिचा परिपाठ होता. त्यासाठी तिने एक वही केली होती. त्या रात्री कोडे आले नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आठवड्याने पत्नीला ती वही कपाटाच्या तळाशी, हिवाळ्याच्या कपड्यांखाली सापडली.

त्या रात्री मी अर्ज लिहावयास बसलो. लेखणी हेच आमचे हत्यार. ते मी सपासप चालवले. कन्येची 'असामान्य बुद्धिमत्ता', संस्थेचा 'अक्षम्य निष्काळजीपणा', परीक्षेच्या खोलीतील असह्य उकाडा, बंद पडलेला पंखा, अपुरा वेळ, असे करता करता चार पाने भरली. मध्यरात्री मी तो अर्ज पत्नीला मोठ्या अभिमानाने वाचावयास दिला. तिने तो शांतपणे वाचला आणि विचारले,

"अहो, हा अर्ज कुणाचा?"

"म्हणजे? आपल्या मुलीचा."

"मग तिचे नाव यात एकदाच कसे आले? 'मी' मात्र नऊ वेळा आला आहे. मी मोजले."

दुसऱ्यांच्या लेखातील अनावश्यक शब्दांवर रोज तांबडी रेघ ओढणाऱ्या माणसाला हे उत्तर सुचेना. पाने घडी करून मी दिवा मालवला; परंतु झोप लागली नाही.

ते नऊ 'मी' कोठून आले, हे मला पुरते ठाऊक होते. चौथीत असताना मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसलो होतो. माझे नाव यादीत असणारच, असे आमचे गुरुजी गावभर सांगत. यादी लागली, तीत नाव नव्हते. गुरुजी घरी येऊन वडिलांना म्हणाले, "काहीतरी चूक झाली असावी. एकदा चौकशी करा." वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग "असू दे, पुढं बघू," असे म्हणून बैल सोडून रानात गेले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. आपल्यासाठी वडिलांनी उंबरठासुद्धा ओलांडला नाही, हा सल मी इतकी वर्षे मनात जपला होता. मुलीच्या नावाने मी जो अर्ज लिहिला, तो वस्तुतः माझ्याच जुन्या निकालाविरुद्ध होता. तो फक्त फार उशिरा लिहिला गेला होता.

सकाळी पत्नीने दुसरी गोष्ट सुचवली. "आधी तिची उत्तरपत्रिका तरी पाहून या. आणि तिलाही बरोबर न्या."

उत्तरपत्रिका पाहता येते, हेच पुष्कळ पालकांच्या ध्यानी येत नाही. सार्वजनिक परीक्षांपुरते बोलावयाचे, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. या संस्थेने कायद्याची वाट पाहिली नाही. एक साधा अर्ज करताच तिसऱ्या दिवशी बोलावले. एका टेबलाशी मला आणि कन्येला बसवून प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका समोर ठेवली.

साठ प्रश्न, प्रत्येकास एक गुण. प्रवेशासाठी सत्तेचाळीस गुण लागले होते. तिला पंचेचाळीस मिळाले होते. पंधरा उत्तरे चुकली होती. मी प्रत्येक चुकीपाशी परीक्षकाची चूक शोधू लागलो. कन्या मात्र बोटाने एकेक प्रश्न दाखवून म्हणत होती, "हे मला आलेच नाही... हे घाईत झाले... हे घड्याळाचे काटे मी उलटे धरले." चौदा चुका तिने अशा निमूटपणे पदरात घेतल्या. पंधराव्यापाशी तिचे बोट थांबले.

"पण बाबा, हे बरोबर आहे."

प्रश्न नात्यांचा होता. एका व्यक्तीकडे बोट दाखवून एक मुलगी म्हणते, 'ही व्यक्ती माझ्या दादांचा एकुलता एक मुलगा आहे'. तर त्या व्यक्तीचे तिच्याशी नाते काय? पुढे चार पर्याय होते: वडील, काका, भाऊ आणि भतीजा, म्हणजे पुतण्या. कन्येने पुतण्यावर खूण केली होती.

मला प्रथम हसू आले, आणि ते लगेच ओसरले. हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे वडील, हे उत्तर उघड आहे. पण आमच्या घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. गावी तिचा एक चुलतभाऊ आहे. तिच्या लेखी जगात दादा तो एकच. शेजारची मुले आपल्या आजोबांना 'दादाजी' म्हणतात, हे ती रोज ऐकते. परंतु 'जी' गळून पडला की तो शब्द तिच्यासाठी पुन्हा साताऱ्याला जातो. दादाचा एकुलता एक मुलगा पुतण्याच. तर्कात तसूभरही चूक नव्हती. चुकली होती ती पहिली पायरी, आणि ती तर्काची नव्हती, भाषेची होती.

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्यामुळे अशी फसगत अधिक होते. हिंदीतील 'शिक्षा' मराठीत शिक्षण न राहता दंड होते. 'चेष्टा' हा तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'संसार' तिकडे अवघे जग, इकडे चूल आणि पाळणा. हे खड्डे चुकवण्यासाठीच मला वेतन मिळते. आणि माझीच मुलगी त्यांपैकी एकात पडली, तेव्हा मी बंद पंख्याविषयी लिहीत होतो!

संध्याकाळी आमच्या बंगाली शेजारीणबाईंपाशी हा प्रसंग निघाला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही दादा म्हणजे मोठा भाऊच. आमच्या मुलानेही हेच उत्तर दिले असते." तेव्हा ही एका मराठी घराची गंमत उरली नाही. बदलीच्या नोकरीमुळे वा पोटापाण्यासाठी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेली कितीतरी कुटुंबे या देशात आहेत. त्यांची मुले शाळेत एक भाषा वाचतात आणि घरच्या भाषेत विचार करतात.

बुद्धिमापनाचा इतिहास पाहिला, तर ही अडचण त्या शास्त्राच्या बालपणापासूनची आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपले सहकारी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली पहिली बुद्धिमापन-श्रेणी सिद्ध केली. तिचा हेतू हुशार मुले निवडण्याचा नव्हता. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना विशेष साहाय्य हवे, हे ओळखण्याचा होता. पुढे अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली आणि १९२१ पासून दीड हजारांहून अधिक तेजस्वी मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास आरंभ केला. त्या निवडीच्या वेळी चाचणी घेऊन वगळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शॉक्ली यांना १९५६ साली, अल्वारेझ यांना १९६८ साली.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली. परक्या देशातील प्रश्नांचे नुसते शब्दशः भाषांतर करून भागत नाही, ते येथील मुलांच्या जगात रुजवावे लागतात, हे त्या कामाचे मर्म होते. ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालये निघाली. त्यांतील पहिली दोन १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. त्यांची निवड चाचणी मराठीसह अनेक भारतीय भाषांतून देता येते आणि निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. मूल कोठून आले आणि कोणत्या भाषेत वाढले, हे विचारात घेतल्यावाचून त्याची बुद्धी मोजता येत नाही, हीच गोष्ट या व्यवस्थेतही मान्य केलेली दिसते.

आता माझ्या हाती एक सच्चा मुद्दा होता. पण त्याबरोबर एक साधी वजाबाकीही होती. हा एक गुण मिळाला तरी पंचेचाळिसाचे शेहेचाळीसच होणार. प्रवेश सत्तेचाळिसावर. मुद्दा खरा, परंतु आम्हांस निरुपयोगी!

मोहाचा क्षण येथेच आला. आणखी एका गुणासाठी काहीतरी हवे होते. अर्जात तो पंखा पुन्हा डोकावू लागला. मी कन्येला जवळ बोलावून विचारले, "परीक्षेच्या खोलीत पंखा बंद होता ना?"

"पंखा बंद होता, पण मी खिडकीशी होते. छान वारा येत होता."

"वेळ पुरला नाही, असे झाले का?"

"उलट दहा मिनिटे उरली होती. मी मागच्या कागदावर चित्र काढले." मग तिने विचारले, "बाबा, अर्ज देणार ना?"

मी तिला वजाबाकी समजावून सांगितली. अर्ज मान्य झाला तरी तिला दुर्बीण मिळणार नाही, हे लपवले नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"पण ते उत्तर बरोबर आहे ना?"

या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. अर्ज लिहिणे एवढेच माझ्या हाती होते. चार पानांचा अर्ज नऊ ओळींचा झाला. त्यात कन्येचा क्रमांक होता, प्रश्नाचा क्रमांक होता, 'दादा' या शब्दाचे हिंदी, मराठी व बंगालीतील अर्थ होते, आणि माहितीपत्रकातील संस्थेचेच वाक्य होते. शेवटी एवढेच म्हटले होते की, ही परीक्षा तर्काची असेल तर हे उत्तर ग्राह्य धरावे, आणि ते ज्या ज्या मुलांनी लिहिले असेल त्या सर्वांस त्याचा लाभ द्यावा. 'मी' फक्त सहीच्या वर एकदा आला. पत्नीने तो वाचून परत देताना काहीच म्हटले नाही. आमच्या घरात ही मोठी पसंती समजली जाते.

अर्जाची पोच मिळाली. तीन आठवड्यांनी बोलावणे आले. समितीत तिघेजण होते. अध्यक्षस्थानी एक वयस्क निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला बसावयास सांगितले आणि प्रश्न मात्र कन्येला विचारला, "बेटी, तू भतीजा का लिहिलेस?" कन्येने सांगितले, "आमच्या घरी दादा म्हणजे मोठा भाऊ. त्याचा मुलगा माझा पुतण्याच होणार. तो वडील कसा होईल?" बाई हसल्या नाहीत. समितीतील एक सदस्य म्हणाले, "परीक्षा हिंदीची आहे, आणि हिंदीत हा प्रश्न निर्दोष आहे." तेही खोटे नव्हते. त्यांना त्यांच्या परीक्षेचा नियम राखावयाचा होता, आणि मनात त्यांना शत्रू ठरवून आलेल्या मला ते मान्य करणे भाग पडले.

पुढील आठवड्यात पत्र आले. त्या प्रश्नास 'भतीजा' हे उत्तर लिहिणाऱ्या सर्व मुलांस एक गुण देण्यात आला होता. त्यामुळे दोन मुले प्रवेशास पात्र ठरली होती. यापुढे नात्यांच्या प्रश्नांत 'दादा' न लिहिता 'पित्याचे पिता' असे लिहिले जाईल, असेही कळवले होते. आमच्या कन्येचे गुण शेहेचाळीस. तिला प्रवेश नव्हता. ती दोन मुले कोण, कोणत्या प्रांताची, हे आम्हांस कळले नाही.

हा अनुभव सांगण्याचा हेतू एवढाच की, आपल्यापैकी अनेकांवर असा प्रसंग आज ना उद्या येतो. नकार आला की एक तर आपण तो मुकाट्याने गिळतो, नाही तर आभाळ कोसळल्यासारखे धावून जातो. दोन्हींत मूल बाजूलाच राहते. त्याआधी उत्तरपत्रिका पाहावी, आणि ती मुलाला शेजारी बसवून पाहावी. आपली खरी चूक कोणती आणि आपल्यावर लादलेली कोणती, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. अर्जात सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. एका खऱ्या मुद्द्याशेजारी चार लटके मुद्दे बसवले, तर वाचणाऱ्याचे लक्ष लटक्यांवरच जाते. आणि पाठवण्यापूर्वी त्यातील 'मी' एकदा मोजून पाहावेत.

पत्र आले त्या संध्याकाळी मी ते कन्येला वाचून दाखवले. ती निराश होईल म्हणून समजुतीची दोन-चार वाक्ये मी तयार ठेवली होती. त्यांची गरज पडली नाही. "म्हणजे माझा एक गुण वाढला?" तिने विचारले. "म्हणजे ते चूक नव्हते!" ती धावत जाऊन आजोबांना फोन लावू लागली. शेहेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस नव्हे, हे तिला माझ्याइतकेच कळत होते. परंतु तिची दाद तिला मिळाली होती.

फोनवर तिने आजोबांना सारी हकीकत सांगितली. शेवटी वडिलांचा आवाज आला, आणि मीही तो ऐकत आहे हे त्यांना ठाऊक नसावे. ते म्हणाले, "बरं झालं पोरी. तुझ्या बापाच्या वेळंला मी दोनदा तालुक्याला गेलो होतो. हापिसाच्या दारातनंच परत फिरलो. कुणाला विचारायचं, काय म्हणायचं, कायबी ठावं नव्हतं."

मी उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत जेवणाची पाने मांडली जात होती. थोड्या वेळाने मला हाक आली, आणि पानावर बसताच कन्येने कपाटातून काढलेली वही उघडून विचारले, "बाबा, आज कोडे घालू?"